अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. निमगाव केतकीच्या शाळेत पुष्कळ वर्षं इंग्रजी शिकवलं. पोरं तोंडावर 'बाई' म्हणायची आणि पाठीमागं 'शकुबाई आली, पळा!' ते मला ऐकू यायचं. राहायला भवानीनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत. आमचे हे कारखान्याच्या लॅबमध्ये रसाची गोडी मोजायचे. घरात मात्र मोजायला गोडी सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी इंदापूरची एसटी धरायची, पुढच्या बाकावर बसायचं आणि पेपरचा गठ्ठा मांडीवर घेऊन तपासत जायचं. सणसर गेलं, लासुर्णे गेलं, अंथुर्णे गेलं, आणि निमगाव येईपर्यंत दहा पेपर हातावेगळे झालेले असायचे.

गोष्ट शहाण्णव सालातली. दहावी ब, सहामाही परीक्षा, इंग्रजीचा पेपर. त्यात एक प्रश्न ठरलेला: खालील इडियम्सचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. हा माझा लाडका प्रश्न. लाडका का, तर तपासायला सोपा. जूनमध्येच मी फळ्यावर तीन रकाने आखायची. डावीकडं इडियम, मधे अर्थ, उजवीकडं गाईडमधलं वाक्य. पोरं उतरून घ्यायची, घोकायची आणि पेपरात तसंच्या तसं ओतायची. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड', म्हणजे शर्थीचे प्रयत्न करणे. वाक्य: चोराला पकडण्यासाठी पोलिसांनी शर्थीचे प्रयत्न केले. वर्गात त्रेपन्न पोरं होती आणि बावन्न पेपरांत तोच चोर आणि तेच पोलीस. एकानं घाईत पोलिसांना पकडायला चोर पाठवले होते. त्यालाही मी अर्धा मार्क दिला.

त्रेपन्नावा पेपर नकोशीचा होता.

हे नाव आमच्या भागात तेव्हा नवं नव्हतं. मुलीवर मुली होत गेल्या की शेवटचीला नकोशी म्हणायचं, म्हणजे देवाला समजतं की आता पुरे, पुढचा मुलगा दे. ही चौथी. तिच्या पाठीवर शंभूराज झाला, म्हणजे नावाला गुण आला असं घरच्यांनी धरलं. वडील आप्पा पूर्वी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. कॅनॉलचं पाणी मिळालं तशी त्यांनी मेंढरं विकली आणि दोन एकर ऊस केला. आई दगडाबाई आठवडे बाजारात भाजी विकायची. पोरगी शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायची. हजेरीत तिचं नाव आलं की नुसतं एक बोट वर व्हायचं. 'हजर' असा आवाज चार महिन्यांत कधी आला नाही. "तोंडात गुळाचा खडा धरलाय का गं?" म्हणून मी दोनदा तिच्यावर खेकसलेसुद्धा होते.

तर तिच्या पेपरात चोर नव्हता, तो इडियम तिनं सोडूनच दिला होता. फळ्यावरचं एकही वाक्य नव्हतं. सगळी तिची स्वतःची. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, त्याचं मराठी मीच करून सांगते.

'टर्न अ डेफ इअर', म्हणजे कानाडोळा करणे. तिनं लिहिलं होतं: रस्त्यात कुणी माझं नाव घेऊन हाक मारली की मी कानाडोळा करते.

'कॉल अ स्पेड अ स्पेड', म्हणजे जे आहे ते स्पष्ट बोलणे. तिचं वाक्य: आमच्या घरची माणसं स्पष्ट बोलतात, माझं नाव नकोशी आहे.

'अ‍ॅपल ऑफ वन्स आय', म्हणजे अत्यंत लाडकं माणूस. तिथं दोन वाक्यं होती. शंभूराज माझ्या आईच्या डोळ्यातलं सफरचंद आहे. मी सफरचंदाच्या आधी आले.

आणि शेवटी 'अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर', म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला. तिचं वाक्य असं होतं: बोर्डाचा फॉर्म जाईपर्यंत नाव बदलता येतं, आता साडेदहा वाजले आहेत.

मी काय केलं? एसटी लासुर्ण्याच्या खड्ड्यात आदळत होती, मला गठ्ठा संपवायचा होता. सरळ काट मारली, चारही उत्तरांवर. बाजूला लाल पेनानं लिहिलं, 'फळ्यावरचे वाक्य का नाही? लक्ष कोठे असते?' आणि शून्य. गोल, ठसठशीत शून्य.

रविवारी सकाळी आमचे हे चहा पीत गठ्ठा चाळत बसले होते. त्यांना सवयच होती, पोरांची अक्षरं बघायची आणि हसायचं. चाळता चाळता थांबले.

"शकू, ही नकोशी कोण गं?"

"आहे एक. मुखदुर्बळ. का?"

"काही नाही. बावन्न पोरांनी चोर पकडला, त्यांना मार्क दिलेस. एकीनं खरं लिहिलं, तिला शून्य."

"फळ्यावर जे दिलं ते लिहायचं असतं," मी म्हटलं. "आणि तुम्ही तुमचा रस मोजा, माझ्या पेपरात कशाला नाक खुपसता?"

त्यांनी पेपर माझ्यापुढं ठेवला आणि कप विसळायला उठले. मी वाचायला लागले. तपासायला नाही, वाचायला. दोन्हींत केवढं अंतर असतं ते मला चौदा वर्षांनी समजलं. 'कॉल अ स्पेड अ स्पेड'चा अर्थ मला मध्यरात्री झोपेतून उठवून विचारला असता तरी मी सांगितला असता. पण ते कुणाला तरी सोसावंही लागतं, हे माझ्या तीन रकान्यांत कुठंच बसत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. राग आलेला बरा असतो, मग स्वतःकडं बघावं लागत नाही.

बोर्डाच्या फॉर्मचं काम त्या वर्षी माझ्याकडंच होतं. वर्गात मी पेपरच्या दोन दिवस आधी बजावून सांगितलं होतं, "यादी गेली की संपलं. जे नाव जाईल तेच सर्टिफिकेटवर येईल, तेच नोकरीला, तेच जन्मभर. चूक असेल तर आत्ता बोला." सगळे बोलले होते. कुणाचा ऱ्हस्व, कुणाचा दीर्घ. ती बोलली नव्हती. तिनं परीक्षेत लिहून दिलं होतं, आणि मी त्यावर काट मारली होती. यादी जायला बारा दिवस उरले होते.

मी पेपर पर्समध्ये टाकला आणि तशीच निमगावला गेले. त्यांची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडं. उन्हात चालत गेले, त्यात डोकं आणखी तापलं. अंगणात आप्पा जनावरांपुढं उसाच्या वाढ्याची पेंढी सोडत होते. मला बघून गडबडून उठले, खाट टाकली. दगडाबाईंनी चहा आणला.

"चहा राहू द्या," मी म्हटलं. "आधी सांगा, पोटच्या पोरीला नकोशी म्हणताना जीभ झडत नाही का तुमची?"

असं बोलायला नको होतं, मान्य आहे. पण मी बोलले. आणखीही पुष्कळ बोलले. अडाणीपणा, अंधश्रद्धा, शिकलेल्या जगात काय चाललंय, सगळं काढलं. पर्समधून पेपर काढून हवेत नाचवला. "बघा, तुमची पोर परीक्षेत काय लिहिते बघा!"

आप्पा खाली बघत म्हणाले, "माजं काय न्हाय, बाई. नाव बदला नायतर ऱ्हाऊ द्या. पर हिला इचारा."

दगडाबाई उंच, हाडापेराच्या. चहाची कपबशी हातातच धरून उभ्या होत्या.

"बाई, शंभू तीन वर्साचा हुता," त्या म्हणाल्या. "माज्या नणंदंनं हिला सोनी म्हनायला सुरवात केली. म्हनली, नकोशी काय म्हनायचं, लेकरू देखनं हाय. आठ दिस सोनी म्हनलं. नवव्या दिशी शंभूला ताप भरला. डोळं पांढरं केलं त्यानं. इंदापूरच्या दवाखान्यात सात दिस मी त्याच्या उशाला बसून हुते. तितंच बोलले देवाला, की तिचं नाव बदलायची न्हाय."

"अहो, तो ताप होता! नावाचा आणि तापाचा काय संबंध?"

"नसंलबी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमाला किती पोरं हायती?"

"एक मुलगा."

"मग तुमच्या पोरावर लावा पैज. माज्या पोरावर कशाला लावताय?"

एवढ्यात नकोशी घरातून बाहेर आली. तिनं माझ्या हातातला पेपर बघितला, आणि पोरीचा चेहरा असा उतरला की काय सांगू. पुढं आली, पेपर ओढून घेतला, चार घड्या घालून मुठीत धरला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला.

"बाई, पेपर तुमी तपासायचा हुता. घरी कशाला आनला?"

आणि आत निघून गेली. मी उठले. दगडाबाईंच्या हातातला चहा गार होऊन गेला होता, साय धरली होती त्यावर.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काही दिसत नव्हतं. पोरीनं ते मला लिहिलं होतं. जगात कुणाला नाही, मलाच. आणि मी आधी शून्य दिलं, मग तेच अंगणात नेऊन फडकवलं. मला स्वतःचीच लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

माझं माहेर सांगवीचं. तिथं मी रंगू. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यांनी अंगठीनं त्यात 'शकुंतला' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. मला कुणी विचारलं नव्हतं. नाव चांगलं होतं, मला आवडलंही. पण बी. ए.चं सर्टिफिकेट रंगूचं आणि पगार शकुंतलेचा, म्हणून प्रत्येक कचेरीत ही बाई तीच आहे असं लिहून द्यावं लागायचं. माझं नाव मला न विचारता बदललं, हिचं न विचारता ठेवलं. आणि दगडाबाईंना? त्यांनाही कुणी विचारलं नसणारच. दगडा! हे तरी कसलं नाव! अंथुर्ण्यापर्यंत मी त्याच नावाचा विचार करत होते.

शाळेत नकोशी माझ्याकडं बघेना. हजेरीला बोटही वर होईना. मी रागावले नाही. तिच्या बाकापाशी गेले आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "चुकलं माझं. तुझं लिहिलेलं मी परत कुणाला दाखवणार नाही." तिनं मान खाली घातली. मला वाटतं ऐकलं असावं.

यादी जायला चार दिवस राहिले तेव्हा आठवडे बाजार होता. मधल्या सुट्टीत मी बाजारात गेले. दगडाबाई पोतं अंथरून मेथीच्या जुड्या लावून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी पोत्याच्या कडेला बसले.

"चहा पाजा," मी म्हटलं.

"त्या दिशी न्हाय घेतला. आज कसा चालतुया?"

"त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं."

त्या मला जोखत राहिल्या. मग पलीकडच्या गाड्यावर हाक देऊन दोन चहा सांगितले. आम्ही बशीत ओतून चहा प्यायलो. गिऱ्हाईक आलं, दोन जुड्या घेऊन गेलं. नकोशीचा विषय मी काढला नाही. खरंच सांगते, त्या दिवशी मी भांडायला गेले नव्हते. मला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

"दगडाबाई, तुमचं नाव कुणी ठेवलं हो?"

"माज्या आईनं." त्या हसल्या. दात पांढरे स्वच्छ होते त्यांचे. "माज्या आदी तीन लेकरं झाली, तिन्ही गेली. एक तर बारशाच्या दिशीच. मग मी झाले. कुनीतरी सांगितलं, हिला दगडा म्हना, म्हंजी मरन हात लावायचं न्हाय. दगडाला कोन नेतंय? आई मला मांडीवर घिऊन बसायची आन् म्हनायची, माजी दगडा, माजी दगडा. मोटी झाले तरी म्हनायची."

"म्हणजे तुम्ही जगावं म्हणून."

"व्हय तर! मी ऱ्हावी म्हनून."

असं म्हणाल्या आणि थांबल्या. हातात मेथीची सुटलेली जुडी होती, तिला सुतळी बांधता बांधता हात राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी योग्य वेळी गप्प बसले असेन. बाजारात गलका चालला होता, कुणीतरी वांग्याच्या भावावरून हुज्जत घालत होतं.

"आईनं मला दगूड म्हनलं," त्या म्हणाल्या, माझ्याशी नव्हे, जुडीशी. "पर मी तिला हवी हुते."

त्यांनी सुतळी घट्ट बांधली आणि जुडी रांगेत ठेवली. मग एकदम विचारलं, "पोरीनं त्या पेपरात काय लिवलंय?"

"ते मी नाही सांगणार. तिला शब्द दिलाय. तिलाच विचारा."

"इंग्रजी हाय न्हवं ते?"

"तिला मराठीही येतं," मी म्हटलं आणि उठले. घंटा झाली होती. त्यांनी मला मेथीची जुडी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. नकोशी येत होती, बसत होती, जात होती. मी अर्ज तयार करून ठेवला होता. वडिलांचं नाव, गाव, जुनं नाव, सगळं लिहून. नव्या नावाची जागा तेवढी कोरी. आमचे क्लार्क रावजी म्हणाले, "बाई, अर्ज आज आला तर प्रतिज्ञापत्राला आठ दिवस देता येतील. पण अर्जच नसेल तर मी काय करू? यादी चारला बंद करणार." हेडसरांनीही तेच सांगितलं. मी घड्याळाकडं बघत बसले. 'अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर' हे मी चौदा वर्षं शिकवलं होतं, पण ती घटका अशी बसून मोजावी लागते हे कुठल्याही गाईडात दिलेलं नव्हतं.

साडेतीनला दगडाबाई ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं. मागं आप्पा, टोपी हातात. आणि दगडाबाईंनी शंभूराजचं मनगट असं धरलेलं होतं, जणू सोडलं तर तो वाऱ्यावर उडून जाईल. पोरगं आमच्याच शाळेत सातवीत, धट्टंकट्टं, लाजून लाल झालं होतं.

मी शिपायाला पाठवून नकोशीला वर्गातून बोलावलं.

"वाचून घेतलं तिच्याकडनं," दगडाबाई मला म्हणाल्या. "काल सांजंला. वाचीत नव्हती, बापानं समजावलं तवा वाचलं. म्हनती, मी सफरचंदाच्या आदी आले. बाई, सफरचंद आमच्या रानात पिकत न्हाय. पर मला कळलं ते."

आप्पांनी अर्जावर सही केली, एकेक अक्षर दाबून. रावजींनी अर्ज घेतला, पेन सरसावलं. "नवीन नाव काय लिहायचं?"

"सांग," मी नकोशीला म्हटलं. "तुला कोणतं आवडतं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मला वाटलं होतं पोरीनं नाव कधीच ठरवून ठेवलं असेल, वहीच्या मागच्या पानावर शंभर वेळा गिरवलं असेल.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "नाव कुनी सोता ठेवतं व्हय? आई ठेवती."

रावजींचं पेन तसंच वर. दगडाबाई पुढं झाल्या. शंभूचं मनगट सोडलं नाही, त्यालाही बरोबर ओढलं. दुसऱ्या हातानं पोरीच्या कानावरचे केस मागं सारले आणि वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाल्या. मग मोठ्यानं, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं, "कुर्रर्र!"

बारशात नाव ठेवताना करतात तेच. ह्या पोरीचं बारसंच झालं नव्हतं, पंधरा वर्षांनी होत होतं, हेडसरांच्या टेबलाशेजारी, हजेरीच्या कपाटासमोर. मला राहवलं नाही. नाव ठेवणारीच्या पाठीत धपाटा घालायची रीत आहे, मी उठून दगडाबाईंच्या पाठीत एक सणसणीत घातला. रावजी घाबरून उभेच राहिले.

पोरीचे डोळे भरले होते, पण आवाज फुटला. खणखणीत.

"मनीषा," ती म्हणाली. "मनीषा लिवा."

"तू झालीस तवा," दगडाबाई तिला म्हणाल्या, "सगळी तोंडं पाडून बसली हुती. माजी सासू तर दवाखान्यातनं उठून गेली. येकटी नर्सबाई हसली. तुला माज्याजवळ दिली आन् म्हनली, किती गोड पोरगी हाय हो तुमची. तिचं नाव मनीषा. तवाच मनात आलं हुतं माज्या." पदरानं नाक पुसलं. "घरी गेल्यावर बोलायची छाती झाली न्हाय."

रावजींनी नाव लिहिलं. निळ्या शाईत, सुरेख अक्षरात. पावणेचार झाले होते.

जाताना दगडाबाई दारात थांबल्या. शंभूचं मनगट अजून हातात. हळूच विचारलं, "बाई, ह्याला काय हुनार न्हाय न्हवं?"

'नाही' म्हणणं माझ्या जिभेवर आलं होतं. अंधश्रद्धेवरचं भाषणही आलं होतं. पण पैजेची आठवण झाली. "मला माहीत नाही, दगडाबाई," मी म्हटलं. "पण मी रोज मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात जाऊन त्याला बघून येईन." त्यांना ते पटलं. मार्चपर्यंत मी रोज गेले. पोरगं मला बघून बाकाखाली लपायचं. एक साधी सर्दीसुद्धा झाली नाही त्याला, पण दगडाबाई त्या वर्षभर रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी येऊन त्याची वाट बघायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भीती गेली नव्हती त्यांची. भीत भीतच केलं त्यांनी ते.

सगळे गेले. पोरगी मागं राहिली. दप्तरातून तिनं तो पेपर काढला, चार घड्यांचा, कडा मळलेल्या. माझ्यापुढं टेबलावर उलगडून ठेवला. माझ्या लाल रेघा, माझं ते खोचक वाक्य आणि ठसठशीत शून्य. मला ते बघवेना.

"दे इकडं," मी लाल पेन उघडत म्हटलं. "हे मार्क चुकलेत माझे. चारही उत्तरं बरोबर आहेत, वर्गात एकटीची. पूर्ण मार्क देते तुला."

"मार्क ऱ्हाऊ द्या, बाई," मनीषा म्हणाली. पेपरच्या माथ्यावर, जिथं विद्यार्थ्याचं नाव लिहितात, तिथं तिनं बोट ठेवलं. "वरचं नाव तेवढं चुकलंय. त्याच्यावर काट मारायची हाय."

मी पेन तिच्याच हातात दिलं.